काटा ७० वर, सिगारवर बुरशी

ह्युमिडोर, म्हणजे सिगार योग्य आर्द्रतेत ठेवायची पेटी, घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. मला विकलेल्या पेटीत एकही गोष्ट खरी नव्हती, आणि सगळ्यात घातक निघाला तो झाकणातला हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारा काटा.

विक्रेत्याने सांगितलं होतं: आतून अस्सल स्पॅनिश सीडरचं लाकूड, कॅलिब्रेट केलेला हायग्रोमीटर, सोबत आर्द्रता सोडणारी आणि शोषणारी पाकिटं. पेटी कधीही उघडा, काटा ७० वर. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, म्हणजे सगळं ठीकच दिसत होतं. पण हळूहळू सिगार्स बोटांना फुगीर, मऊ लागायला लागल्या. वरचं पान तडकलं आणि टोकाशी पांढरी लव दिसली. फोटो पाठवले तर विक्रेता म्हणाला, "सर, हा प्लूम आहे. माल मुरल्याची खूण. पुसून टाका." ती लव केसाळ होती, खाली हिरवट डाग होता आणि पेटवायच्या बाजूने ती आत तंबाखूपर्यंत शिरली होती. बुरशीला प्लूम म्हणून खपवणं मला सगळ्यात जास्त लागलं.

मग हायग्रोमीटर काढून मिठाची चाचणी घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. मीठ चिखलासारखं ओलं व्हावं, विरघळू नये. ते आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून दिवसभर ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ७० वरच. कोरड्या खोलीत उघडा ठेवला, तरी ७०. मागचं झाकण उचकटलं तर आर्द्रतेप्रमाणे पीळ सुटणारी स्प्रिंगच आत नव्हती. काटा डिंकाने चिकटवलेला होता. स्वस्त काटे चार-पाच अंक चुकतात, ती फसवणूक नव्हे. ही होती.

पाकिटांचंही तेच. खऱ्या पाकिटात क्षाराचं संपृक्त द्रावण असतं: हवा कोरडी झाली की ते बाष्प सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. माझ्या पाकिटातून कुंडीत घालतात तसले जेलचे मणी निघाले. ते नुसतं पाणी सोडत राहतात. सीडरने त्यातला थोडा ओलावा तरी पोटात घेतला असता, पण ते सीडर म्हणजे एमडीएफवर चिकटवलेला लाकडी नक्षीचा कागद होता, नखाने कोपरा सुटला. (बाहेरून व्हीनिअर चांगल्या पेट्यांनाही असतं, त्याला हरकत नाही.)

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "वाहतुकीत काटा बिघडला असेल, परताव्याची मुदत संपली."

म्हणून सिगार्स ठेवण्याआधी, मुदत हातात असतानाच, व्हिडिओ चालू ठेवून मिठाची चाचणी करा. आणखी एक खूण: नवं सीडर सुरुवातीला स्वतःच ओलावा पितं, त्यामुळे आतली आर्द्रता वर चढायला दिवस लागतात. खोली कोरडी असताना खोक्यातून काढलेली रिकामी पेटी लगेच ७० दाखवत असेल, तर ती त्याच दिवशी परत पाठवा.