बीजी-२ कपाशीचं पाकीट: ९०१ रुपयांत काय येतं, काय येत नाही

मृग जवळ आला की राळेगाव, वणी, अकोट, हिंगणघाट, कुठल्याही बाजारपेठेत जा, कृषी केंद्रासमोर चर्चा एकच: यंदा कोणतं वाण? फळीवर पन्नास नावं, पन्नास पाकिटांवर टपोऱ्या बोंडांचे पन्नास फोटो. पण या पन्नासांत बोंडअळीसाठी घातलेले जनुक जवळपास सगळीकडे तेच आहेत. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या वाणाचं नाही, बीजी-२ च्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारे दोन जनुक घातलेल्या बीटी कपाशीच्या, पाकिटाचं आहे. आमचं मत आधीच सांगतो. हिरव्या बोंडअळीसाठी हे बियाणं आजही कामाचं आहे. गुलाबी बोंडअळीसाठी त्यावर विसंबू नका. आणि छापील दरावर एक रुपयाही जास्त द्यावा असं यातलं एकही वाण नाही.

आधी पाकीट उघडून पाहू. वजन ४७५ ग्रॅम. शंभर दाण्यांचं वजन ८ ते ९ ग्रॅम धरलं तर एका पाकिटात साधारण ५,३०० ते ५,९०० दाणे बसतात. चार बाय एक फुटावर एका जागी एकच दाणा टोबला तरी एकराला १०,८९० जागा होतात, म्हणजे दोन पाकिटं जेमतेम पुरतात. एका जागी दोन दाणे टाकले की तिसरं पाकीट लागलंच. नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला हाताशी बियाणं उरत नाही, आणि ऐन वेळी त्याच वाणासाठी जास्त पैसे मोजावे लागतात ते इथे. मूठभर दाणे आधीच बाजूला काढून ठेवा, प्लॅस्टिकच्या ग्लासांत रोपं करा. पहिल्या आठ-दहा दिवसांत नांग्या भरल्या तरच ते रोप बाकीच्या पराटीच्या (कपाशीच्या) बरोबरीने येतं.

या ४७५ ग्रॅममध्ये ५ ते १० टक्के दाणे बिगरबीटी असतात, मुद्दाम मिसळलेले. पूर्वी ४५० ग्रॅमसोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची होती, पण बहुतेक पुड्या धुऱ्यावरच फेकल्या गेल्या. आता मिश्रण असल्यामुळे ते फेकणं थांबलं, हा चांगला बदल. बिगरबीटी झाडांवर विषाची सवय नसलेले पतंग वाढावेत आणि सवय लागलेल्या पतंगांशी त्यांचा संकर व्हावा, असा यामागचा हेतू आहे.

तरीही गुलाबी अळी का आवरत नाही? क्राय-१एसी आणि क्राय-२एबी हे दोन जनुक झाडात आहेत, पण आपलं झाड संकरित आहे. बोंडातली सरकी ही त्याची पुढची पिढी, आणि तिच्यात हे जनुक वाटले जातात. हिशेबाने दर सोळा दाण्यांमागे एकात दोन्हीपैकी एकही जनुक नसतो आणि सहांत एकच असतो. गुलाबी अळी पानावर फिरत नाही, ती बोंडात शिरून सरकी खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला बिनविषारी दाणाही मिळतो आणि अर्धं विष असलेलाही. विषाची सवय लागायला याहून सोयीची जागा नाही. त्यात शंभर-एकशेदहा दिवसांनंतर झाडातलं विषाचं प्रमाण उतरतं, आणि आपण फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरचं जादा पीक, घेत पराटी फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवतो. २०१७ च्या हंगामात विदर्भाने याची किंमत मोजली.

तेव्हा पाकिटावर 'बोंडअळीपासून संरक्षण' छापलं असलं तरी पेरणीनंतर ४५ व्या दिवशी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावाच. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री आले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, की फवारणीची वेळ झाली. डोमकळी म्हणजे पाकळ्या न उमललेलं, चक्रीसारखं आवळलेलं फूल. ते तोडून उघडलं की आत अळी सापडते.

आता पैशांकडे वळू, कारण कास्तकाराची सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. 'कंपनीला जनुकाचे पैसे द्यावे लागतात म्हणून बियाणं महाग' हे वाक्य काउंटरवर अजून ऐकू येतं. ते एके काळी खरं होतं. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात मंजुरी मिळाली, त्यानंतरच्या वर्षांत पाकीट १,६०० रुपयांच्या पुढे होतं आणि त्यातले १,२५० रुपये निव्वळ जनुकाचं शुल्क होतं. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हे शुल्क तेव्हाच्या मक्तेदारी आयोगापुढे नेलं आणि राज्यात पाकिटाचा दर ७५० वर आणला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या दरासाठी स्वतःचा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा दर नियंत्रण आदेश आला. २०१६ च्या खरिपात दर ८०० झाला आणि त्यात जनुकाचे फक्त ४९ रुपये होते. २०१८ ला ३९, २०१९ ला २० आणि २०२० पासून शून्य. २०२० मध्ये पाकीट ७३० ला होतं, २०२५ मध्ये ९०१ ला. वाढलेल्या १७१ रुपयांत जनुकाचा एक पैसाही नाही. हा वाढीव खर्च बियाणं तयार करण्याचा आहे. संकरित बियाण्यासाठी प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढून हातानेच परागीकरण करावं लागतं, आणि ती मजुरी खरी आहे. मात्र तिला पेटंटचं नाव द्यायचं कारण नाही.

बीजी-१ च्या, म्हणजे एकच जनुक असलेल्या पहिल्या बीटी कपाशीच्या, जनुकाला भारतात पेटंट नव्हतंच. बीजी-२ चं पेटंट २००८ मध्ये मिळालं आणि त्याची वीस वर्षं १९९९ च्या अर्जापासून मोजून २०१९ मध्ये संपली. मधल्या काळात पेटंटची मालक कंपनी मोन्सँटो आणि तिचा जनुक वापरणारी बियाणे कंपनी नुझिवीडू यांच्यात मोठा खटला चालला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट रद्द ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाल बाजूला सारून मूळ दावा पुन्हा चालवायला सांगितला, आणि पुढे दोघांत तडजोड झाली. बियाण्यातल्या जनुकावर पेटंट टिकतं का, हा प्रश्न त्यामुळे निकाली निघालाच नाही.

स्पर्धा कायद्याचा धागा वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३(५) म्हणतं की पेटंटधारकाने आपल्या हक्काच्या रक्षणासाठी 'वाजवी' अटी घातल्या तर हरकत नाही. पण ही सूट फक्त कलम ३ पुरती, म्हणजे करारांपुरती आहे. बाजारातल्या वरचढ स्थानाचा गैरवापर रोखणाऱ्या कलम ४ ला अशी सूट नाही. याच दोन कलमांखाली केंद्रीय कृषी मंत्रालय आणि काही बियाणे कंपन्यांच्या तक्रारींवरून स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मोन्सँटो गटाच्या चौकशीचा आदेश दिला. आक्षेप नेमके होते. शुल्क पाकिटाच्या विक्री किमतीवर आधारलेलं, दुसऱ्याचं तंत्रज्ञान घेतलं तर कळवण्याची सक्ती, आणि करार मोडल्यावरच्या अटी इतक्या कडक की बियाणे कंपनीला दुसरीकडे जाणंच अवघड. आमच्या मते यातली शेवटची अट सर्वांत घातक. शुल्क जास्त असलं तर सरकार दर बांधू शकतं, पण वाट अडवली तर नवा जनुक बाजारात उभाच राहत नाही. २००६ मध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या जनुकांनाही मंजुरी मिळाली होती, तरी आज फळीवर ते शोधून सापडत नाहीत.

या चौकशीलाही पुढे खीळ बसली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं की पेटंट परवान्यांच्या अटींबाबत पेटंट कायदा हाच विशेष कायदा आहे, त्यात सक्तीच्या परवान्याची सोय आहे, म्हणून आयोगाने त्यात पडू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाचं अपील फेटाळलं. हा निकाल आम्हाला खटकतो. पेटंट नियंत्रक परवाना देऊ शकतो, पण बाजार किती बिघडला हे मोजण्याचं काम त्याचं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. शुल्क खाली आल्यावर मोन्सँटोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला, आणि तीच जागा आज 'चोर बीटी'ने, म्हणजे मंजुरी नसलेल्या बियाण्याने, भरली आहे. त्या पाकिटाला पावती नाही, लॉट नंबर नाही, फसलात तर दाद मागायला जागा नाही. ते घेऊ नका.

पेटंट संपलं तरी एक कुलूप तसंच आहे, ते संकराचं. वाण संरक्षण कायदा २००१ चं कलम ३९ शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखायला, पेरायला, अदलाबदल करायला आणि ब्रँडशिवाय विकायलाही मुभा देतं. पण संकरिताची सरकी पुन्हा पेरली की झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून हा हक्क कपाशीत कागदावरच राहतो. यावर उपाय सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची रजत बीटी, सुरज बीटी ही वाणं तशी आहेत. हलक्या, कोरडवाहू जमिनीत झाडांची गर्दी वाढवून लावायला ती जास्त योग्य, आणि बियाणं घरी राखता येतं. काळ्या भारी ओलिताच्या रानात मात्र संकरित वाणाचाच उतारा जास्त बसतो.

खरेदीतला सर्वांत मोठा त्रास लिंकिंगचा. मागणीतलं वाण हवं तर सोबत दुसऱ्या नावाची दोन पाकिटं नाहीतर टॉनिकची बाटली घ्या, असं सांगितलं जातं. स्पर्धा कायद्याचं कलम ३(४) जोडविक्रीबद्दल आहे, पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते दुकानदार आणि शेवटचा ग्राहक यांच्यातल्या व्यवहाराला लागत नाही. ९०१ च्या पाकिटासाठी तो रस्ता नाही. जवळचा रस्ता तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचा कृषी अधिकारी. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पक्की पावती मागा आणि तिच्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर, नग, दर हे सगळं लिहून घ्या. लादलेली वस्तूही त्याच पावतीवर आली पाहिजे, तोच पुरावा.

उगवण कमी झाली तर चूक एकाच ठिकाणी होते: लोक आधी दुबार पेरणी करतात आणि मग तक्रार. रान मोडलं की पाहणीला काही उरत नाही. रिकामं पाकीट लेबलसकट ठेवा, थोडे दाणे त्यातच राहू द्या, अर्ज द्या आणि पंचनामा झाल्यावरच रान मोडा. पंचनाम्यात ओळीच्या ठरावीक लांबीत किती जागा रिकाम्या, हा आकडा लिहिलेला आहे का ते सही करण्याआधी वाचा. हा कागद हाताशी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलं आहे.