आयटम रेट, डिझाइन-बिल्ड आणि पीएमसीची कामं एकाच सॉफ्टवेअरवर चालवताना: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी बडोद्यात एका मध्यम कॉन्ट्रॅक्टिंग फर्ममध्ये प्लॅनिंग बघते. आमची कामं जास्त करून सावली, हालोल, वाघोडिया, पादरा या पट्ट्यात, कारखान्यांच्या शेड, ऑफिस ब्लॉक आणि मध्येच एखादं सरकारी बिल्डिंग. गेल्या पावसाळ्याच्या आधी ऑफिसने क्लाउडवरचं एक प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलं आणि तेव्हापासून रोज सकाळी तेच उघडून बसते, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नाव टाकत नाही, कारण जे सांगायचंय ते सगळं एका कंपनीचं नाही, इतर फर्ममधल्या मैत्रिणी वेगळं काही वापरतात त्यांचंही रडगाणं हेच आहे.

मुद्दा असा की काम कुठल्या पद्धतीने घेतलंय हे सॉफ्टवेअरला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, आणि ते सांगायची जागा बहुतेकांत धड नसते. नवीन प्रोजेक्ट उघडलं की नाव, पत्ता, सुरू तारीख, संपायची तारीख एवढं विचारतं आणि एक टेम्पलेट समोर टाकतं, डिझाइन, मग टेंडर, मग खरेदी, मग बांधकाम, एकामागून एक. आमच्याकडे एकाच वेळी आयटम रेटचं (प्रत्येक बाबीच्या मापावर पैसे) सरकारी काम, सावलीला डिझाइन-बिल्डची (डिझाइन आणि बांधकाम दोन्ही आपलं) शेड आणि हालोलला पीएमसीच्या (मालकाने नेमलेला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) हाताखालचं फक्त सिव्हिल पॅकेज अशी तिन्ही चालू होती, आणि तिन्हीत ड्रॉइंग कोणाचं, मंजुरी कोणाची, पैसे कशावर मिळणार हे पूर्ण वेगळं. एकच टेम्पलेट तिघांना लावलं की दोघांचे रिपोर्ट खोटे येणार हे नक्की.

आयटम रेटला मात्र हे सॉफ्टवेअर खरंच उत्तम चाललं, तिथे भरभरून कौतुक करते. या पद्धतीत ड्रॉइंग मालकाच्या आर्किटेक्टचं, बीओक्यू (कामाच्या बाबी आणि त्यांच्या प्रमाणांची यादी) हातात, आपण रेट भरलेले, त्यामुळे जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंग वेळेवर येणं ही मालकाची जबाबदारी. मी प्रत्येक मजल्याचं ड्रॉइंग मिळणं ही वेगळी अ‍ॅक्टिव्हिटी टाकली आणि तिच्यापुढे जबाबदार म्हणून मालकाचं नाव. दुसऱ्या मजल्यावर टॉयलेटचा संक (खाली घेतलेला) स्लॅब स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये एका लेव्हलला आणि आर्किटेक्चरलमध्ये दुसऱ्या, शटरिंग लागलेलं, सळई बांधायची बाकी. साइट इंजिनियरने मोबाइलवरूनच दोन्ही ड्रॉइंगचे तुकडे जोडून आरएफआय (खुलासा मागणारी नोंद) टाकली, आता कोणाकडे अडकलीये आणि किती दिवस हे सगळं आपोआप नोंदलं गेलं. पुढे मुदतवाढीचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा हिंडरन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंद) त्यातूनच काढलं, तारखा, फोटो, उत्तर कधी आलं, सगळं ओळीने. आधी हेच काम तीन जणांचे व्हॉट्सअ‍ॅप चाळून करायचो आणि समोरचा इंजिनियर प्रत्येक तारखेवर वाद घालायचा, या वेळी तारखांवर वादच झाला नाही, चर्चा थेट दिवस किती द्यायचे यावर गेली.

आता डिझाइन-बिल्ड, जिथे सगळ्यात जास्त डोकं लागलं. इथे डिझाइन आपल्याच गळ्यात असतं आणि या पद्धतीचा फायदाच हा की सगळं डिझाइन संपायची वाट न बघता जमिनीवर काम सुरू करता येतं. पीईबी (कारखान्यात बनवून साइटवर जोडायच्या स्टीलच्या) शेडचं घ्या. वेंडर आधी कॉलमचे रिअ‍ॅक्शन (पायावर येणारे भार) आणि अँकर बोल्टचा प्लॅन देतो, रिअ‍ॅक्शनवरून आपला कन्सल्टंट फाउंडेशन डिझाइन करतो, बोल्ट प्लॅन हातात आला की फुटिंग, पेडेस्टल सुरू, आणि तेव्हा वर छताच्या राफ्टर, पर्लिनची शॉप ड्रॉइंग (कारखान्यात बनवण्यासाठीची ड्रॉइंग) अजून वेंडरच्या टेबलावरच असतात. आमच्या सॉफ्टवेअरने डिझाइन हा एक मोठा डबा करून ठेवलेला, तो शंभर टक्के झाल्याशिवाय बांधकामाचा फेज उघडेचना! साइटवर पेडेस्टलचं काँक्रीट चालू आणि स्क्रीनवर बांधकाम सुरूच झालेलं नाही. शेवटी डिझाइनचे तुकडे केले, फाउंडेशन, अँकर बोल्ट, मेन फ्रेम, शीटिंग, फ्लोअरिंग, इलेक्ट्रिकल, फायर, आणि प्रत्येक तुकड्याला त्याची खरेदी आणि त्याचं काम जोडलं. ट्रान्सफॉर्मर, डीजी (जनरेटर) असल्या उशिरा येणाऱ्या वस्तूंची ऑर्डर लवकरच्या तारखेला आणून डिझाइनच्या पहिल्या तुकड्यालाच टांगली. हे केलं आणि क्रिटिकल पाथ (काम संपायची तारीख ठरवणारी कामांची साखळी) पहिल्यांदा खरा दिसला, तो शेडच्या इरेक्शनमधून नाही तर शॉप ड्रॉइंगच्या मंजुरीतून जात होता.

मंजुरीचा दुसरा घोळ समजून घ्या, इथे बरेच जण फसतात. आयटम रेटच्या सवयीने सॉफ्टवेअर प्रत्येक ड्रॉइंग क्लायंटकडे पाठवून अप्रूव्हल पेंडिंग म्हणून बसवतं. डिझाइन-बिल्डमध्ये क्लायंट बघतो, शेरे देतो, पण डिझाइनची जबाबदारी आपल्यावरून हटत नाही. फिडिक या आंतरराष्ट्रीय इंजिनियर संघटनेच्या 1999 च्या यलो बुकात (डिझाइन-बिल्डच्या नमुना करारात) तर रिव्ह्यूचा काळ 21 दिवसांपेक्षा जास्त नसावा असं लिहिलेलंय आणि रिव्ह्यू झाला म्हणून कॉन्ट्रॅक्टर सुटला असं नाही हेही. म्हणून मी वर्कफ्लो बदलून घेतला, आधी आपला कन्सल्टंट, मग आपला डिझाइन हेड, मग क्लायंटच्या रिव्ह्यूला करारातल्या दिवसांचं घड्याळ. दिवस भरत आले की दोन्हीकडे आठवण जाते. एवढ्या एका बदलाने क्लायंटच्या मीटिंगचा सूर बदलला.

आपल्या बडोद्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसचं काम आर्किटेक्ट मेजर मँट यांच्या डिझाइनवर सुरू झालं, ते 1881 मध्ये वारले आणि पुढे दुसरे आर्किटेक्ट चिझम यांनी 1890 पर्यंत पुरं केलं. डिझाइन कोणाच्या हातात आहे हा प्रश्न किती जुना आहे बघा. मी त्याच 1890 साली सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकले त्यामुळे ही गोष्ट मनात बसलेली आहे. आणि आजचं बघायचं तर बुलेट ट्रेनचं वापी ते वडोदरा हे 237 किलोमीटरचं सी-4 पॅकेज डिझाइन-बिल्ड लंपसम (ठरलेल्या एकरकमी किमतीच्या) पद्धतीनेच दिलेलं आहे, म्हणजे ही पद्धत आता फक्त मोठ्या रिफायनरीवाल्यांची राहिलेली नाही, आमच्यासारख्यांनाही शिकावीच लागणार.

पैशांचं. आयटम रेटला एमबीत (मोजमाप वहीत) माप, गुणिले रेट, आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल), सरळ. लंपसममध्ये पैसे माइलस्टोनवर, फाउंडेशन पूर्ण, मेन फ्रेम उभी, शेड वॉटरटाइट असं. सॉफ्टवेअर क्वांटिटीवरून प्रगती काढतं त्यामुळे काम निम्म्याहून पुढे दिसतं आणि बिल मात्र शीटिंगचा शेवटचा कोपरा बंद होईपर्यंत लावता येत नाही. मालकांना दाखवायच्या कॅश फ्लोचा आलेख त्यामुळे नेहमी गोड दिसायचा. आता प्रत्यक्ष प्रगती वेगळी आणि बिलाचे माइलस्टोन वेगळे असे दोन हिशेब ठेवते, सपोर्टवाल्यांनी कस्टम फील्ड देऊन ते जमवून दिलं, त्यासाठी त्यांना पूर्ण मार्क. पण आरए बिलातल्या कपाती, टीडीएस, रिटेन्शन (मालकाने राखून ठेवलेली रक्कम), मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्सची (काम सुरू करायला आधी मिळालेल्या रकमेची) वसुली, एक टक्का लेबर सेस, यातलं काहीही तयार मिळत नाही. तिथे एक्सेलच चालू आहे. उलट अमेरिकेतल्या सीएम अ‍ॅट रिस्क पद्धतीचे, गॅरंटीड मॅक्झिमम प्राइसचे (कमाल किमतीच्या हमीचे) रकाने भरपूर, आमच्या एकाही कामात लागले नाहीत.

पीएमसीच्या कामाबद्दल थोडक्यात. मालकाने सिव्हिल, पीईबी, इलेक्ट्रिकल, फायर असे वेगळे कॉन्ट्रॅक्ट दिले की खरी भानगड जोडांवर असते, आमचा ट्रेंच आम्ही कधी सोडणार आणि केबलवाला कधी येणार. असे हँडओव्हर माइलस्टोन दोन्ही पॅकेजना दिसले पाहिजेत पण एकाचे रेट दुसऱ्याला दिसता कामा नयेत. परमिशनची ही व्यवस्था आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगली आहे, अगदी फोल्डरपर्यंत बंद करता येतं.

कॅलेंडर मात्र हाताने बसवाच. उत्तरायणचे (संक्रांतीचे) दोन दिवस साइटवर कोणी येत नाही, होळीला दाहोद, झाबुआकडची माणसं गावी जातात ती लगेच परतत नाहीत, आणि पावसाळ्यात मातीकामाला वेगळं कॅलेंडर हवंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सगळं शहर कसं अडकलं होतं ते आपण बघितलंय, पावसाचे दिवस धरले नाहीत तर प्लॅनला काही अर्थच नाही.

प्रायमाव्हेरा (मोठ्या कामांचं शेड्यूलिंग सॉफ्टवेअर) सोडून हे घ्यावं का असं विचारतात. मोठे क्लायंट अजून त्याची एक्सईआर फाइलच मागतात आणि खोल शेड्यूलिंगला, अ‍ॅक्टिव्हिटी कोड लावून कोणाकडे काय अडकलंय ते गाळून बघायला प्रायमाव्हेरा भारीच आहे. पण साइटवरचा सुपरवायझर ते उघडत नाही, हे मोबाइलवरचं उघडतो, गुजरातीत शेरा लिहितो, फोटो टाकतो. आमच्या आकाराच्या फर्मला मी हेच घ्या म्हणेन आणि आम्ही रिन्यूही करतोय.

डेमोला बसाल तेव्हा त्यांचं सजवलेलं सॅम्पल प्रोजेक्ट बघू नका. आपलं एक आयटम रेटचं आणि एक डिझाइन-बिल्डचं काम घेऊन जा, समोर बसून दोन्ही उघडायला लावा, आणि विचारा की डिझाइन अर्धं असताना फुटिंगचं काम सुरू दाखवता येतं का, क्लायंटचा रिव्ह्यू आणि मंजुरी वेगळी ठेवता येते का, माइलस्टोनचं बिल क्वांटिटीपासून सुटं करता येतं का. नंतर करून देऊ म्हणाले तर ते ऑर्डरमध्ये लिहून घ्या, मगच अ‍ॅडव्हान्स सोडा.