पी-बेस की जे-बेस: नवा बेस घेण्याआधी

नवा बेस, म्हणजे बेस-गिटार, चार तारांचाच घ्यायचा आणि तो एकतर पी (प्रिसिजन) घडणीचा असेल किंवा जे (जॅझ) घडणीचा, इथपर्यंत आपण आला असाल, तर निवडीचा मोठा भाग पार पडला आहे. उरलेला भाग लहान दिसतो, पण माझे जवळजवळ चार महिने त्यातच गेले. दिवसभराचे काम आटोपल्यावर दोन्हींची छायाचित्रे पाहायची, रंग मनात ठरवायचा, तो बदलायचा आणि रविवारी पुन्हा दुकानात जाऊन तीच दोन वाद्ये हातात घ्यायची, असा तो काळ होता आणि तो मला आजही प्रिय आहे. शेवटी मी पी घेतला. मात्र सुरुवातीला मला मनापासून हवा होता तो जे, त्यामुळे त्याच्याविषयी येथे जे काही लिहितो आहे ते आकसाने लिहिलेले नाही.

दोन्ही घडणी लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यातल्या. प्रिसिजन १९५१ ची आणि जॅझ १९६० ची. आज अनेक कंपन्या याच दोन नमुन्यांवर बेस बनवतात, त्यामुळे मी येथे कंपनीविषयी न बोलता घडणीविषयी बोलतो आहे. वजन, लाकूड, पावसाळ्यात नेकला, म्हणजे वाद्याच्या दांडीला, येणारा बाक या गोष्टी एकेका नगावर अवलंबून असतात. त्यांवरून पी आणि जे यांच्यात निवड करता येईल असे मला वाटत नाही.

हाताला जाणवणारा फरक नेकचा आहे. नटपाशी, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला, जे-बेसची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर असते आणि आजच्या बहुतेक पी-बेसची ४१ च्या पुढे. तीन मिलिमीटरांचे काय एवढे, असे वाचताना वाटेल, पण पहिल्या तीन फ्रेटांवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) डावा हात तासभर चालवला की त्यांचा अर्थ कळतो. माझी बोटे फार लांब नाहीत. जे हातात घेतला त्या क्षणी तो माझ्यासाठीच बनवला आहे असे वाटले होते आणि पी-बेसची सवय व्हायला मला पुढे चांगले दोन महिने लागले. या बाबतीत जे सरस आहे, हे मी आजही मान्य करतो.

आवाजाच्या बाबतीत दोघांचे स्वभावच निराळे. पी-बेसला एकच पिकअप (तारांचे कंपन टिपून विजेत बदलणारा भाग) आणि त्याचे एकच ठाम बोलणे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांतून बेसवादक जेम्स जेमरसन यांनी ते जगाला ऐकवले, तेही उजव्या हाताच्या एका तर्जनीने. जे-बेसला दोन पिकअप असतात आणि त्यांतला ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या बाजूचा, एकटा वाजवला की आवाज घट्ट, किंचित नाकातला आणि अतिशय स्पष्ट होतो. फ्रेट काढून टाकलेल्या जे-बेसवर बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी जे गायन उभे केले, ते मुख्यतः याच पिकअपच्या जोरावर. या दोघांची सर्वांत प्रसिद्ध वाद्ये एकाच सालची, १९६२ ची होती, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. मला तो ब्रिजजवळचा आवाज हवा होता. त्यासाठीच मी जे-बेसच्या मागे लागलो होतो.

एका मित्राने त्याचा जे मला सहा आठवडे वापरायला दिला आणि प्रश्न तेथेच सुरू झाला. पुण्यातील माझी खोली दहा बाय दहाची आहे. एका भिंतीमागे स्वयंपाकघरातला फ्रिज, दुसऱ्या भिंतीवर विजेचा बोर्ड आणि अँप (आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा) माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की शांतता असे, कारण त्यांची वेटोळी परस्परांविरुद्ध दिशेने गुंडाळलेली असतात आणि दोघांनी पकडलेली विजेची घरघर एकमेकींना खोडून काढते. परंतु ब्रिजजवळचा पिकअप एकटा ठेवण्यासाठी दुसऱ्याचे बटण खाली आणले, की घूं असा अखंड सूर खोलीत भरून राही. खिडकीकडे तोंड करून बसलो तर तो कमी होई, दाराकडे वळलो की वाढे. रियाजाची जागा वाद्याच्या सोयीने ठरू लागली होती.

हा सूर नुसता ऐकू आला असता तर मी कदाचित निभावून नेले असते. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि खालच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळणारा ‘जी’ हा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघरीचा मूळ स्वर त्या जीच्या अगदी शेजारी, किंचित चढा. जी पट्टीतल्या गाण्यात मूळ स्वरावर येऊन थांबावे आणि तार शांत केल्यावर मागे तसाच, पण बेसूर स्वर उरावा, याचा त्रास मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. तानपुरा जरासा उतरला असताना गायला बसावे, तशी ती अस्वस्थता होती. बेसमध्ये दोन स्वरांमधल्या थांबण्याला स्वरांइतकेच मोल असते आणि नेमके ते थांबणेच माझ्या हातून निसटत होते.

यावर उपाय आहेत, हेही सांगितले पाहिजे. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावली की करकर बरीच घटते, पण मूळ घूं बहुतांशी तशीच राहते. घरघर न करणारे पिकअप बदलून बसवता येतात. काहींचे म्हणणे असे की त्यांत आवाजाचा थोडा कस जातो. मी ते स्वतः बसवून पाहिलेले नाहीत. दोन्ही पिकअप कायम उघडे ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय, मात्र तसे करायचे तर ज्या आवाजासाठी जे घ्यायचा, तोच बाजूला ठेवावा लागतो. माझे मन तेथे फिरले.

पी-बेसचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला आहे. एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. हे दोन तुकडे आपापसांतच घरघर खोडतात, त्यासाठी वाजवणाऱ्याला कोणतेही बटण सांभाळावे लागत नाही. माझा पी घरी आला त्या संध्याकाळी मी तो खोक्यातून काढला, लॅकरचा तो नवा वास घेतला, सूर लावले, अँपचा आवाज नेहमीपेक्षा वाढवला आणि काहीच न वाजवता थोडा वेळ तसाच बसून राहिलो. खोलीत फक्त फ्रिजचा आवाज होता. मग तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवला आणि बोट उचलून पुन्हा ऐकले. इतका आनंद मला त्या वाद्याच्या पहिल्या गाण्यानेही दिला नाही.

पुढे गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात त्याचा आणखी एक गुण कळला. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड एकदम सुरू असतानाही पी-बेसचा स्वर मधोमध आपली जागा धरून राहतो, त्यासाठी मला काही वेगळे करावे लागत नाही. दिव्यांच्या डिमरशेजारी उभे राहण्याची वेळ आली तेव्हाही तो गप्प राहिला. जे तेथे कसा वागला असता, हे मी पाहिलेले नाही.

आपण एकल वादन करणार असाल, अंगठ्याने ठोका देऊन वाजवण्याकडे ओढा असेल, किंवा हात लहान असून रोज तीन तास वाजवायचे असेल, तर जे आपल्याला अधिक मानवेल असे मला वाटते. घर मोठे असेल आणि अँपपासून दहा पावले लांब बसता येत असेल, तर माझी तक्रार आपल्या वाट्याला कदाचित येणारही नाही. परंतु लहान घरात वाजवायचे आणि चार जणांच्या साथीला उभे राहायचे असेल, तर मी पी-बेसकडेच बोट दाखवीन. दुकानात जे-बेस हातात घ्याल तेव्हा मात्र एवढे अवश्य करा: नेकजवळच्या पिकअपचे बटण पूर्ण खाली आणा, तारांवर हात ठेवून त्या शांत करा आणि बसल्या जागी सावकाश चहूबाजूंना वळून ऐका.