‘सुकवलेली महोगनी’ म्हणून आंब्याचं ओलं लाकूड गळ्यात मारलं: इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरी बनवणाऱ्यांनी आधी हे वाचा

लाकडाचे ११,५०० रुपये, ‘किल्न ड्राय’च्या, म्हणजे भट्टीत सुकवल्याच्या, दाखल्याचे ६००, एमडीएफच्या टेम्प्लेटचे (आकार कोरायच्या साच्याचे) १,४५०, तीन पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या) सेटचे ४,८०० आणि कुरिअरचे ८५०. एकूण १९,२०० रुपये. सगळे यूपीआयने भरले, पक्की पावती एकाचीही नाही. लिहिताना लाज वाटते, कारण लाकडाशी माझा रोजचा संबंध आहे आणि फसलो ते नेमका लाकडातच.

फसवायची पद्धत जुनीच आहे. आधी लहान वस्तू चोख द्यायची, मग मोठी रक्कम आगाऊ मागायची. टेम्प्लेट आलं ते उत्तम होतं. नेक पॉकेट, म्हणजे गिटारचा दांडा (नेक) बसतो ती खाच, बरोबर ५६ मिलिमीटर रुंद, मधली रेघ अचूक. ज्याचं टेम्प्लेट अर्ध्या मिलिमीटरनेही चुकत नाही, तो माणूस लाकडात खोटं बोलेल असं कुणाला वाटेल? शिवाय कोल्हापुरात टिंबर मार्केटच्या वखारी फिरून झाल्या होत्या. सागवान आणि शिसम मिळत होतं, पण पावणेदोन इंच जाडीची, सुकलेली, हलकी फळी तेव्हा कुणाकडेच नव्हती. शिसमाची अखंड बॉडी तासभर खांद्यावर घेतली की मान धरते. म्हणून बाहेरून मागवली.

विकणाऱ्याचा दावा असा होता: होंडुरास महोगनी, भट्टीत सुकवलेली, ओलावा ९ टक्के. सोबत व्हिडिओ, त्यात फळीच्या सपाट बाजूला ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचलेल्या आणि पडद्यावर ९. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. होंडुरास महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००३ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टाखाली आहे, परवान्याच्या कागदाशिवाय ती कायदेशीरपणे देशाबाहेर पडत नाही. कागद मागितला तर तो म्हणाला, “दादा, मी दाखला देतो ना, सहाशे रुपयांत.” तो दाखला त्याच्याच घरी छापलेला होता.

पण मनाला सगळ्यात जास्त खुपते ती कुरिअरची चिठ्ठी. खोकं दारात आलं, चिठ्ठीवर वजन ७.२ किलो. मी सही केली आणि खोकं आत नेलं. फळी २० गुणिले १४ गुणिले पावणेदोन इंच, म्हणजे ४९० घनइंच, सुमारे ८.०३ लिटर. सुकलेल्या महोगनीचं वजन लिटरला साधारण ५०० ते ६०० ग्रॅम, म्हणजे अख्खी फळी ४ ते ४.८ किलोची असायला हवी. खोक्याचे ४०० ग्रॅम सोडले तरी हातात ६.८ किलो होते, लिटरला ८५० ग्रॅम. हा भागाकार मी इतरांना शिकवलाय. त्या दिवशी दारात उभं राहून तो केला असता तर खोकं तिथूनच परत गेलं असतं. ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे.

दोन्ही टोकांना काळा रंग जाड थापला होता. टोकं रंगवणं चुकीचं नाही, सुकताना तडे जाऊ नयेत म्हणून वखारवालेही रंग किंवा मेण लावतात. पण त्याखाली आडवा छेद झाकला जातो आणि लाकडाची जात कळते ती तिथेच. धारदार पटाशीने टोक दोन मिलिमीटर साफ कापा आणि भिंगातून बघा. महोगनीत बारीक फिकट रेघा समांतर जाताना दिसतात. आणि कापसाला थिनर लावून फळी पुसा. कापूस तांबडा झाला तर तो रंग आहे, लाकूड नाही. दहा मिनिटांचं काम, मी केलं नाही.

एप्रिलमध्ये काम सुरू केलं. १२ मिलिमीटरचं एमडीएफ दुहेरी टेपने चिकटवलं, राऊटरला (लाकूड कोरायच्या यंत्राला) टेम्प्लेटच्या कडेला टेकून फिरणाऱ्या बेअरिंगची १२.७ मिलिमीटरची बिट, म्हणजे पातं, लावली, एका फेरीत ४ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल नाही, चार फेऱ्यांत नेक पॉकेट १६ मिलिमीटर. सुकलेल्या लाकडाचा भुसा बारीक आणि कोरडा उडतो. इथे लांब, ओलसर तंतू निघून बेअरिंगला गुंडाळत होते, त्यामुळे बिट टेम्प्लेटपासून अर्धा मिलिमीटर लांब चालली. आंबूस वास येत होता. मला वाटलं बिट बोथट झाली, म्हणून १,१०० रुपयांची नवी आणली. पॉकेटचा तळ आतून पांढुरका दिसला, तेव्हाही ‘बाहेरचं लाकूड असेल, गाभा तांबडा असेल’ अशी मी स्वतःची समजूत घातली. गाभा आत असतो, बाहेर नाही. पॉकेट १६ मिलिमीटर आत होतं.

हात आणि पोट टेकतं तिथला उतार कानशीने काढला, बॉडीच्या शिंगांची टोकं सांभाळून गोल केली, कारण तिथे लाकडाची रेषा आडवी येते आणि राऊटर घाईने फिरवला की ढलपीच निघते. मग बॉडी टांगून ठेवली. मे महिना संपेपर्यंत खालचा फुगीर भाग ३२४ चा ३१७ मिलिमीटर झाला होता आणि नेक पॉकेट ५६ चं ५४.८. नेक बसेना. पॉकेट तासून रुंद करता येतं, पण फळी ज्या दोन तुकड्यांची जोडलेली होती त्यांपैकी एक जास्त आकसला होता, मधली रेघ सरकली होती आणि सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली होती. रेघ सरकली की जाडी तार फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या बोटांच्या पट्टीच्या) काठावरून घसरते. याला इलाज नाही.

पॉकेट कोरताना फळीतून कापून लगेच पिशवीत बंद केलेला तुकडा तेव्हा गुजरीत एका सराफाच्या काट्यावर तोलला होता, ४२.३० ग्रॅम. नंतर शंभर अंशाला वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवला, ३३.०० ग्रॅम. फरक ९.३०, भागिले ३३, म्हणजे ओलावा २८ टक्के. व्हिडिओतला ९ खोटा नसेलही. वरचा पापुद्रा गरम हवेने सुकवला की सुया तेवढंच सांगतात. मीटर टोचायचा तो ताज्या कापलेल्या टोकाच्या मध्यभागी. टिंबर मार्केटमधल्या एका जुन्या सुतारांनी तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, “आंबा हाय ह्यो. पेट्यांचा.”

पिकअप ‘अल्निको ५’ (एक चुंबकी मिश्रधातू) म्हणून घेतले. उलटे करून पाहिले तर खाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली. खऱ्या अल्निको सिंगल कॉइलमध्ये (एकाच गुंडाळीच्या पिकअपमध्ये) सहसा तारांखालचे खांब स्वतःच चुंबक असतात, खाली पट्टी नसते.

पैसे मागितले तर दोन दिवस “बघतो दादा”, नंतर नंबर बंद. मग सरकारी दारं सुरू झाली. शहरातल्या एका ठाण्यात साहेबांनी कागद न बघताच विचारलं, “पाव्हणं, माल आलाय न्हवं? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला हाय, कोर्टात जावा.” सुरुवातीपासून फसवायचाच हेतू असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं? दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, समोरचा परराज्यातला, तिकडे तक्रार द्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या चॅटच्या रंगीत प्रती मागितल्या. ३८ पानांचे ३८० रुपये गेले. त्या देताना कळलं की तो टेबलवाला रजेवर आहे आणि प्रती परत घेऊन जा. बँकेत गेलो तर, “पिन तुम्हीच टाकलाय, आमचा काय संबंध?” ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणाचं, एवढं तरी सांगा म्हटलं, तर तो गोपनीय विषय. माझे पैसे नेणाऱ्याचं नाव माझ्यापासून गोपनीय! सात हेलपाटे झाले. पोहोच मिळाली फक्त एका अर्जाची, तीही शिक्क्यावरची तारीख वाचता येणार नाही अशी.

म्हणून ठाण्यावर विसंबू नका. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. मालात फसवणूक असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात काट्यावरचं वजन दिसू द्या. माझ्याकडे तो नव्हता, वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

आगाऊ अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. मीटर १,३५० रुपयांना मिळतो, लाकडाआधी तो घ्या. आणि महोगनीचा हट्ट सोडा. मिरज पन्नास किलोमीटरवर आहे, तिथले सतारमेकर पिढ्यानपिढ्या तून नावाचं लाकूड वापरतात. वजनाला हलकं, सरस नीट धरतं, आणि हातात घेऊन, तोलून आणता येतं. कापल्यावरही दोन आठवडे पट्ट्यांवर उभं ठेवा, रोज तोला, आकडा हलायचा थांबला की मगच राऊटर लावा.

तोच माणूस वेगळ्या नावाने पुन्हा विकतोय. फोटो तोच आहे: निळ्या ताडपत्रीवर तांबडी फळी, दोन्ही टोकं काळी, वरच्या उजव्या कोपऱ्याशी रुपयाएवढी गाठ, आणि मीटरवर ९.