श्रावण पाळावा की पेग मोजावा?

दारू कमी करायची म्हटलं की सोलापुरात सल्ले दोनच मिळतात. एक, श्रावणासारखी महिनाभर बंद ठेव. दुसरा, घे, पण मोजून घे. मी दोन्ही करून पाहिलंय. मित्रांमधलं बसणं-उठणं न सोडता ज्यांना कमी करायचीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मोजण्याबद्दल, कारण ते सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. ३० मिली व्हिस्की किंवा रम, म्हणजे एक स्मॉल, यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये असे सहा स्मॉल. ‘मी काय, फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार स्मॉल. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टर मागे पडली. ५ टक्क्यांची माईल्ड घेतली तरी एका बाटलीत अडीच होतात. आणि शरीर तासाला जेमतेम एक स्मॉल उतरवतं. काळा चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी त्यात काही फरक पडत नाही.

एकदा घरी नेहमीच्या अंदाजाने ‘स्मॉल’ ओतला आणि खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या टोपणाने परत मोजला. पाच टोपणं भरली! म्हणजे ज्या रात्री मी ‘तीनच घेतले’ असं बायकोला खरेपणाने सांगत होतो, त्या रात्री पाच झालेले असत. धाब्यावर तर ग्लास अर्धा झाला की शेजारचा भरतो, मग हिशोब कुठला राहायला?

मोजण्यातली दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. दुसऱ्या पेगनंतर ‘आता बास’ कोणी म्हणायचं? ज्या डोक्याला चढायला लागलीय, त्यानेच.

श्रावणात हा प्रश्न येत नाही. ठरवायचं एकदाच असतं. शिवाय आग्रहही होत नाही. एरवी ‘एकच घे की बे’ म्हणून हाताला धरून बसवणारा मित्रही ‘श्रावण पाळतोय’ म्हटलं की गप्प ग्लास बाजूला सरकवतो. सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन आलेल्याला कोण काय म्हणणार? तेच वैशाखात सांगून बघा, ‘काय बे, डॉक्टरनं सांगितलं का?’ इथून सुरुवात होते.

पण श्रावणाची दोन्ही टोकं वाईट. गटारीला महिन्याचा कोटा एका रात्रीत, आणि महिना संपल्यावर त्याची भरपाई. महिनाभरात सवय कमी झालेली असते, त्यामुळे आधीचंच माप आता जास्त चढतं. शिवाय अनेकजण त्या महिन्यात मित्रांकडे फिरकतच नाहीत. म्हणजे न पिता चारचौघांत बसायचं कसं, हे शिकायचं राहूनच जातं.

म्हणून माझं मत असं: आधी महिना बंद, पण बसायला जायचं. मग मोजून. त्या महिन्यात झोप, पित्त, पैसे, घरातलं बोलणं यात काय बदललं ते स्वतः बघा, मग मोजायला एक कारण हातात असतं. आणि महिनाही निघाला नाही, तर मोजणं तुमच्या कामाचं नाही हे समजून जा. अमुक एवढी घेतली तर बिनधोक, असं कुठलंच माप नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

आता ज्यांना या दोन्ही वाटा लागू नाहीत, त्यांच्याबद्दल. रोज घेणाऱ्याचे सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, घेतल्याशिवाय स्थिर वाटत नसेल, तर एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी नंबर मोफत आहेत.

बसण्याच्या जागांतही फरक आहे. हुरड्याला न पिणं सगळ्यात सोपं. आगटीतून निघालेलं कणीस तळहाताला चटके सोसत चोळायचं, गरम हुरड्यावर शेंगाचटणी, गूळ, दही. हात रिकामेच नसतात, ग्लास धरणार कशाने? धाबा अवघड. तिथे चार तास चकण्यावर काढायचे असतात. मी बसल्या बसल्या, इतरांची ऑर्डर जायच्या आत, सोडा-लिंबू-मीठ मागवतो. समोर भरलेला ग्लास असला की निम्मा आग्रह तिथेच संपतो. जेवणाबरोबर मसाला ताक. झिरो बिअरही घेऊन पाहिली. चव तीच, त्यामुळे माझी जीभ खऱ्या बाटलीकडे वळायला लागली. ज्यांना तसं होत नाही त्यांनी खुशाल घ्यावी.

परतीची गाडी न पिणाऱ्याने चालवावी. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. किल्ली हातात असली की आग्रह करणारेच ‘याला देऊ नका रे’ म्हणतात.

आणि बिल. सोडा पिऊन क्वार्टरचा वाटा भरायची वेळ आली की ‘मग घेतलेलीच काय वाईट’ असं मनात येतंच. मी हे एकदा स्पष्ट बोललो. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग एकाने वेटरला हाक मारून सांगितलं, जेवणाचं वेगळं कर. तेव्हापासून आमच्या टेबलावर दोन बिलं येतात, आणि गेल्या वेळी जेवणाच्याच बिलात बसणारे आम्ही तिघे होतो.