संवादाची अवतरणं: वर्डवर सोडावीत की ऑल्ट दाबून टाकावीत?

लातूरकडच्या बोलीतली कथा टाइप करत होतो. “काय करायलास?” “येऊ म्हणलं, पण—” इथं वाक्य तुटतं, आणि वर्डची करामत सुरू होते.

वर्ड सरळ चिन्हाला आपोआप वळण देतो. मागं रिकामी जागा दिसली की उघडणारं, अक्षर दिसलं की मिटणारं. साध्या संवादाला हे फक्कड. पण लांब रेघेपुढं तो कित्येकदा उघडणारंच चिन्ह ठोकतो. ’९३चा किल्लारीचा भूकंप लिहिताना तर हमखास चुकतो, कारण लोपचिन्ह, म्हणजे गाळलेल्या ‘१९’च्या जागी येणारं चिन्ह, मिटणारं हवं असतं. उपाय: तीच कळ दोनदा दाबा, पहिलं चिन्ह खोडा.

दुसरा मार्ग ऑल्ट आणि नंबरपॅडचा. दुहेरी उघडायला ०१४७, मिटवायला ०१४८. एकेरीला ०१४५ आणि ०१४६, लांब रेघेला ०१५१. ऑल्ट दाबून ठेवायचं, आकडे झाले की सोडायचं. दिशा आपल्या हातात. पण नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर हे सगळं मुसळ केरात. शिवाय पानभर संवादात बोटं दुखतात ते वेगळंच.

इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर लिहिणाऱ्यांना आणखी एक त्रास: अवतरणाच्या कळेवर ट-ठ बसलेत. म्हणून विंडोज-स्पेसनं इंग्रजीत जाऊन यावं लागतं. ऑल्टचे आकडेही मी इंग्रजीवर असतानाच दाबतो.

माझं म्हणाल तर पहिला खर्डा वर्डच्या भरवशावर, आणि तुटलेली वाक्यं शेवटी शोधून ०१४८नं दुरुस्त. अख्खी कथा ऑल्टनं लिहायची चिकाटी माझ्यात नाही.