पावती बघून डॉक्टर निवडला: चेहऱ्यावरचा मस काढल्यानंतरचा अनुभव

टाके काढायचे 350 रुपये वेगळे घेतले. मस काढायच्या आधी रिसेप्शनला सरळ विचारलं होतं, "सगळं धरून किती?" तिनं आकडा सांगितला, मी भरला, पावती घेतली. टाके काढायला गेलो तर, "काका, टाक्याचं वेगळं हं." मी म्हटलं, घातलेले टाके काढायचे नसतात काय? ती म्हणाली, "काढायचे की. पण ती वेगळी व्हिजिट. स्वल्प कूड्री (जरा बसा), डॉक्टर बोलावतील." म्हणजे भांडायला आलेल्या माणसालाही नंबर लावून बसवलं.

रक्कम मोठी नाही, मान्य. पण मी बेळगावच्या रविवार पेठेतल्या चार व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. ठरलेल्या आकड्यावर मागाहून ओळ वाढली की माझं डोकं फिरतं.

मस कुठं होता ते सांगतो, कारण सगळं जागेवर ठरतं. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडं जी घडी उतरते, तिला लागून उजवीकडं. हरभऱ्याच्या डाळीएवढा, वर आलेला, त्यातून दोन राठ केस. दाढी करताना रेझर तिथं अडायचा आणि आठवड्यातून एकदा तरी रक्त निघायचं. आई म्हणाली, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांध, आपोआप गळतो. शेजारच्यांनी चुना आणि सोडा सुचवला. चुन्यानं मस जळतो तशी भोवतालची चांगली कातडीही जळते, खड्डा कायमचा राहतो आणि खालचं मूळ तसंच. बायकोचं वेगळंच: "लग्नात चालला की, आता कुणाला तोंड दाखवायचंय?"

डॉक्टर शोधायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली. बेळगावात 'स्किन' असं लिहिलेल्या पाट्या भरपूर, पण पाटीमागं बसलेला माणूस दरवेळी त्वचारोगतज्ज्ञच असतो असं नाही. एमबीबीएसनंतर त्वचारोगातली एमडी किंवा डिप्लोमा, नाहीतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच असावी. या पदव्या सोडून नुसतं 'कॉस्मेटॉलॉजी' असं काही लिहिलेलं असेल तर मूळ शिक्षण काय ते विचारावं. डॉक्टरचं नाव आणि नोंदणीचा नंबर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या साइटवर घालून बघता येतो, फुकटात.

नंबर कुठं मिळतो? पावतीवर. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलंय की डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पैशाची पावती या सगळ्यांवर छापायचा. हे वाचल्यावर मी पक्कं ठरवलं की आधी सगळीकडं नुसता तपासणीचा नंबर लावायचा, फी भरायची, पावती घरी आणून वाचायची आणि मग डॉक्टर ठरवायचा. लोक हसले. हसू देत.

एका चकचकीत ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. एका मुलीनं मसावर पट्टी धरून मिलिमीटर मोजले आणि दर सांगितला, मिलिमीटरला इतके. लेझर, दहा मिनिटांत मोकळे, टाका नाही. एस्टिमेट लेखी मागितलं तर छान छापील कागद दिला. खाली 18 टक्के जीएसटी लावलेला आणि जीएसटीचा नंबर कुठंच नाही! पंधरा अक्षरी नंबर असतो, आपल्याकडं, म्हणजे कर्नाटकात, 29 नं सुरू होतो. (तो महाराष्ट्राच्या 27 नं सुरू व्हावा म्हणून आमच्या आधीच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्या, तो विषय वेगळा.) नंबर नसताना कर घ्यायचा अधिकारच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सर आल्यावर सांगते." सर हुबळीहून यायचे, ठरावीक वारी.

इथं थांबून एक सांगतो, कारण व्यापारी मंडळी मला हेच विचारतात. उपचाराला जीएसटी नाही. पण निव्वळ रूपासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी असेल तर 18 टक्के लागतो. त्यातून जन्मजात दोष, वाढीतलं व्यंग, अपघात, जखम यांची दुरुस्ती तेवढी वगळलेली आहे. रेझरनं वरचेवर कापला जाणारा मस उपचारात धरायचा की रूपात, हे डॉक्टर काय लिहितो त्यावर. म्हणून पहिल्याच भेटीत केसपेपरवर रक्त येतं हे लिहून घ्यावं. विम्याचं मात्र विसरा. कॉस्मेटिक म्हटलं की कंपनी हात वर करते, आणि मसाच्या बाबतीत ती तेच म्हणणार.

मेहुण्याचा आग्रह होता की कोल्हापूरला चल. निपाणीमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटर, एकदाचा गेलो असतोही. पण चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत काढावे लागतात, जास्त ठेवले तर टाक्यांच्याच खुणा उमटतात. त्यात मधेच रात्री रक्त आलं तर बसस्टँडवर उभं राहायचं काय? जो डॉक्टर गावात राहतो आणि रोज दवाखान्यात बसतो तोच धरायचा, हे ठरलं. हुबळीवाल्यांचाही पत्ता त्यातच कटला.

शेवटी टिळकवाडीतला एक दवाखाना ठरला. खुर्च्या जुन्या, एसी बंद. पण भिंतीवर केपीएमईचं सर्टिफिकेट होतं. कर्नाटकातल्या 2007 च्या कायद्याप्रमाणे खासगी दवाखान्याला ती नोंदणी लागते. पावतीवर डॉक्टरचा क्रमांक होता, आणि साइटवर नावाशी जुळला.

डॉक्टरनं काय विचारलं ते लिहितो, कारण हे न विचारता कुणी हत्यार हातात घेत असेल तर उठून यावं. मस वाढलाय का, रंग बदललाय का, कडा वेड्यावाकड्या झाल्यात का, हात न लावता रक्त येतं का. अंगावर जुना वण कुठं फुगलाय का. साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग डर्मोस्कोप (कातडी बघायचं दिव्याचं भिंग) मसावर टेकवून बराच वेळ बघितलं. तोवर मी इतक्या ठिकाणी फिरलो होतो, पण दिव्याखाली नीट बघणारा हा पहिलाच.

पर्याय दोन सांगितले. वरच्यावर तासून सपाट करायचा: टाका नाही, पण मूळ खाली राहतं, केस आणि रंग परत येऊ शकतो. किंवा घडीच्या रेषेत डोळ्याच्या आकाराचा छेद घेऊन मुळासकट काढायचा: रेघ राहणार, पण घडीत लपणार. मी लेझरचं विचारलं. म्हणाले, लेझर करता येतं, पण त्यात मस जळून जातो, तपासायला तुकडा उरत नाही. "मी काढलेला प्रत्येक मस पॅथॉलॉजीला पाठवतो. नको असेल तर दुसरीकडं करून घ्या." पॅथॉलॉजीचे 1,100 वेगळे होते, पण ते आधीच सांगितले, म्हणून तक्रार नाही. फक्त नोंद.

काढताना दुखलं ते सुईचंच. सुन्न करायचं इंजेक्शन ओठाजवळ चांगलंच झोंबतं. भोवतालची कातडी पांढरी पडली. त्यातल्या ॲड्रिनलिननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून काही मिनिटं थांबतात. मग फक्त ओढल्यासारखं वाटलं आणि दोरा कापल्याचा आवाज. मस फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत टाकला. सिस्टर लेबल लावून बाटली बाजूला ठेवत होती, मी पडल्या पडल्याच वाचलं तर आडनाव चुकीचं. "बदला," म्हटलं. ती म्हणाली, नंबर बरोबर आहे. मी म्हटलं, रिपोर्ट नावानं येतो, नंबरानं नाही. डॉक्टर हसले, पण त्यांनीच नवं लेबल लिहायला लावलं. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. कन्नड मला वाचता येतं, प्रश्न नाही, पण माझ्या आईला दिलं असतं तर? फोटो जाहिरातीला वापरायची ओळ होती, ती खोडून सही केली.

इथवरचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा पुढं लिहिलेलं होतं ते असं: रेघ लाल, हाताला दोरीसारखी टणक, मसापेक्षा वण जास्त दिसतोय. पैसे गेले, वर टाक्यांचे 350. पाचात दोन तारे.

आता दिवाळी होऊन गेली आणि तो भाग मी काढून टाकतोय. वण पिकायला सहा महिने ते वर्ष लागतं असं डॉक्टर म्हणाले होते, मला ती पळवाट वाटली. पण लाली गणपतीच्या सुमाराला उतरायला लागली आणि टणकपणा त्यानंतर. आता रेघ घडीतच बसली आहे, बोट लावून दाखवावी लागते. एक खोट राहिली: मिशीच्या उजव्या टोकाशी छेदाच्या जागी केस उगवत नाहीत, त्यामुळं ती बाजू किंचित आखूड दिसते. बायकोच्या लक्षात आलं नाही, न्हाव्याच्या पहिल्याच दिवशी आलं.

खर्चाचा खरा खड्डा मात्र नंतर पडतो, तो कुणाच्याच एस्टिमेटमध्ये नसतो. सिलिकॉन जेलची ट्यूब सातशे-आठशेची, दोन-तीन महिने रोज लावायची. शिवाय सनस्क्रीन. आपल्या रंगाच्या कातडीवर जखमेची जागा उन्हानं काळी पडते. बेळगावच्या पावसाळ्यात ऊन कुठलं, असं मी म्हटलं, तर म्हणे ढगातूनही किरणं येतात. मुलीची ट्यूब वापरली. ती आता कपाटाला कुलूप लावते.

रिपोर्ट 'इंट्राडर्मल नीव्हस' असा आला, साधा मस, काळजीचं काही नाही. आडनाव बरोबर होतं. तो कागद मी विम्याच्या फायलीत लावलाय. 1,100 मध्ये या सगळ्या प्रकरणातली एवढीच एक वस्तू अशी आहे की जी मला परत विकत घ्यावी लागणार नाही.

आणि 350? परत मिळाले नाहीत. डॉक्टरांनी "रिसेप्शनशी बोला" म्हटलं, रिसेप्शननं "डॉक्टरांशी बोला". केपीएमई कायद्यात दर दर्शनी भागात लावायचे असतात, ते मी दोघांनाही ऐकवून आलो. परवा वण दाखवायला गेलो तर काउंटरच्या काचेवर छापील दरपत्रक चिकटवलेलं. तपासणी, ड्रेसिंग, आणि खालून दुसरी ओळ: टाके काढणे, 350. रिसेप्शनच्या मुलीनं मला बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. पाचात चार तारे. एक त्या ओळीचा कापलाय, ती मी भरल्यानंतर लागली म्हणून.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, संध्याकाळी नंबर लांबतो. गाडी लावायला जागा नाही. शहापूरकडून येणाऱ्यांनी दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकायची तयारी ठेवावी. आणि पैसे भरण्याआधी काचेवरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.